तांब्याचा दगड आधी भाजावा की थेट लीचिंगला घालावा?

लीचिंग म्हणजे दगडातलं तांबं द्रावणात विरघळवून काढणं. चाचणीच्या कॉलममध्ये, म्हणजे दगडानं भरलेल्या उभ्या नळीत, तीन महिने ॲसिड टिपकतंय, तरी तांब्याचा उतारा, म्हणजे दगडातून सुटलेल्या तांब्याचं प्रमाण, पस्तीस टक्क्यांवर अडून बसलाय. बैठकीत कुणीतरी म्हणतं, "आधी भाजून बघू या का?" ही सूचना मी कधीच उडवून लावत नाही. योग्य मालावर योग्य तापमानाला भाजलं, तर हाच उतारा नव्वदीच्या पुढे जातो. चुकीच्या मालावर तेच केलं, तर कोळसा जळतो, ॲसिड आधीपेक्षा जास्त लागतं आणि तांबं होतं तिथंच राहतं. दोन्हीत भट्टी तीच असते. फरक पडतो तो आत काय घातलं यामुळे.

ज्यांच्या हातात दगडाचा रिपोर्ट आहे, चाचण्यांची आणखी एखादी फेरी करण्यापुरता पैसा आहे आणि मार्ग ठरवायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

तांबं कुणी धरून ठेवलंय?

रिपोर्टवर 'तांबं १.२ टक्के' एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही. हे तांबं कोणत्या खनिजात बसलंय ते आधी कळायला हवं. त्यासाठीची टप्प्याटप्प्याची लीच चाचणी स्वस्त आहे. बारीक दळलेला नमुना आधी गार, सौम्य सल्फ्युरिक ॲसिडात ढवळायचा. मॅलाकाइट, ॲझुराइट (कार्बोनेट) आणि टेनोराइट (ऑक्साइड) यांचं तांबं त्यात उतरतं. उरलेला गाळ धुऊन सायनाइडच्या द्रावणात घालायचा, म्हणजे चाल्कोसाइट, कोव्हेलाइट अशी दुय्यम सल्फाइडं, म्हणजे तांबं-गंधकाची खनिजं, विरघळतात आणि बॉर्नाइटचाही बराच भाग येतो. त्यानंतरही जे मागे राहतं त्यात मुख्यतः चाल्कोपायराइट, म्हणजे तांबं, लोखंड आणि गंधकाचं खनिज, असतं, नाहीतर अभ्रकात, लिमोनाइटमध्ये (गंजासारख्या लोहखनिजात) किंवा सिलिकेटच्या जाळ्यात अडकलेलं तांबं. हे तीन आकडे आणि सोबत सूक्ष्मदर्शकाखालचे दोन-चार फोटो असल्याशिवाय भट्टीचं कोटेशन मागवू नका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

पहिला आकडा मोठा असेल, म्हणजे तांबं मुख्यतः कार्बोनेट किंवा ऑक्साइडच्या रूपात असेल, तर भाजण्याचा विषय तिथंच संपतो. मॅलाकाइट तापवला की साधारण तीनशे अंशांच्या आसपास त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि काळा टेनोराइट उरतो. हिरवा दगड काळा पडताना बघून काहीतरी मोठं घडल्यासारखं वाटतं. ॲसिडाच्या दृष्टीनं मात्र काहीच घडलेलं नसतं. मॅलाकाइट असो की टेनोराइट, एक किलो तांबं विरघळवायला सुमारे १.५४ किलो सल्फ्युरिक ॲसिडच लागतं. शिवाय पुढे विद्युत अपघटनात, म्हणजे द्रावणात वीज सोडून, तांबं कॅथोडच्या पत्र्यावर बसलं की तेवढंच ॲसिड द्रावणात परत तयार होतं. म्हणजे जे ॲसिड वाचवायला भट्टी पेटवायची, ते मुळात खर्चच होत नव्हतं.

कॅल्साइटबद्दलही असाच एक गैरसमज आहे. दगडात चुनखडी असेल तर ती ॲसिड खाते. एक टक्का कॅल्साइट म्हणजे टनामागे दहा किलो, आणि ते जवळजवळ तेवढंच, ९.८ किलो ॲसिड गिळतं. "भाजून चुनखडी उडवून टाकू" असं मी बऱ्याचदा ऐकलंय. पण भाजल्यावर उडतो तो कार्बन डायऑक्साइड. मागे उरलेली कळी (कळीचा चुना) तेवढंच ॲसिड खाते आणि जास्त झपाट्यानं खाते. अपवाद एकच: भट्टीत गंधकाचा वायू असेल तर तिथल्या तिथं कॅल्शियम सल्फेट होतं आणि ॲसिड वाचतं. नुसत्या उष्णतेनं हे होत नाही. कार्बोनेट तांबं आणि सोबत भरपूर चुनखडी किंवा डोलोमाइट असा माल असेल तर ॲसिडच सोडून अमोनियाकडे वळावं. अमोनिया चुनखडीला हात लावत नाही. अलास्कातल्या केनेकॉटला विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेलं आहे.

उष्णतेचा हिशेब, पाटीवर मांडण्याएवढा

एक किलो दगड एक अंशानं तापवायला ढोबळमानानं एक किलोज्यूल लागतं. २५ अंशांवरचा एक टन दगड ६५० पर्यंत न्यायचा म्हणजे सव्वासहाशे मेगाज्यूल. त्यात पाच टक्के ओलावा असला तर त्या पन्नास किलो पाण्याची वाफ करायला आणखी सव्वाशेच्या वर. भट्टीची निम्मी उष्णता धुराड्यातून आणि भिंतींतून निघून जाते असं धरलं तर टनाला दीड हजार मेगाज्यूल, म्हणजे बऱ्या प्रतीचा साठ किलो कोळसा.

हे तांब्याच्या हिशेबात मांडा. दगडात ०.६ टक्के तांबं असेल तर टनात सहा किलो. म्हणजे एका किलोमागे दहा किलो कोळसा, तोही उतारा शंभर टक्के धरून. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दगडात चार टक्के तांबं असेल तर किलोमागे दीड किलो कोळसा पडतो, तिथं निदान बोलणी सुरू करता येतात. फ्लोटेशननं, म्हणजे दळलेल्या दगडातले सल्फाइडचे कण फेसावर तरंगवून, गोळा केलेला सकस माल, म्हणजे कॉन्सन्ट्रेट, असेल, तांबं पंचवीस टक्के आणि गंधकही जवळपास तेवढंच, तर चित्र पार पालटतं. तिथं गंधक स्वतःच इंधन होतं. एकदा पेटलं की बाहेरून उष्णता द्यावी लागत नाही. उलट तापमान वर जाऊ नये म्हणून पाणी फवारावं लागतं, किंवा माल पाण्यात कालवून घट्ट लगद्याच्या रूपात आत सोडावा लागतो.

म्हणून माझं पहिलं मत अगदी ठाम आहे. एक टक्क्याच्या आतला खडक सरसकट भाजणं हा मार्ग नाही. भाजायचं ते कॉन्सन्ट्रेट. सुट्या खडकाला भाजायचंच असेल तर तो चांगला सकस असावा आणि त्यातलं तांबं दुसऱ्या कशानंही सुटत नाही हे सिद्ध झालेलं असावं.

सल्फेट होईपर्यंत भाजणं

भाजून लीच करण्याच्या सगळ्या पद्धतींत मला सर्वांत भरवशाची वाटते ती ही. हेतू सरळ आहे: चाल्कोपायराइटमधलं तांबं भट्टीतच मोरचूद (तांब्याचं सल्फेट) व्हावं आणि लोखंड मात्र लाल, न विरघळणारं हेमेटाइट व्हावं. मग नुसत्या पाण्यात किंवा अगदी सौम्य ॲसिडात तांबं उतरतं आणि लोखंड गाळात राहतं. या खनिजात तांब्याच्या चार अणूंमागे गंधकाचे आठ अणू असतात. त्यातले चार मोरचुदात बांधले जातात आणि चार सल्फर डायऑक्साइड होऊन वायूत जातात.

हे जमतं कारण निसर्गानं एक छोटी खिडकी ठेवलेली आहे. लोखंडाचं सल्फेट तांब्याच्या सल्फेटपेक्षा आधी फुटतं. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात भट्टी धरली की लोखंड ऑक्साइड होऊन बसतं आणि तांबं सल्फेटच राहतं. कारखान्यांत हा पट्टा साधारण ६५० ते ६९० अंशांचा धरतात. तापमान खाली राहिलं तर लोखंड द्रावणात येतं आणि पुढे द्रावणातून तांबं वेचणाऱ्या सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनपासून विद्युत अपघटनापर्यंत सगळीकडे त्रास देतं. वर गेलं तर मोरचूद फुटून आधी बेसिक सल्फेट आणि मग काळा ऑक्साइड होतो. आणखी वर, साडेसातशेच्या पुढे, त्या ऑक्साइडची हेमेटाइटशी गाठ पडते आणि कॉपर फेराइट तयार होतं. सौम्य ॲसिडात फेराइट ढिम्म हलत नाही. जे तांबं सोडवायला निघालो, ते आपणच नव्या कुलपात घालतो.

हे सगळं मफल भट्टी (प्रयोगशाळेतली छोटी बंद भट्टी) आणि तराजू एवढ्यावर डोळ्यांनी बघता येतं. पन्नास ग्रॅम कॉन्सन्ट्रेट घ्या. रुंद, उथळ मातीच्या ताटलीत पातळ थर पसरा. जाड थर लावलात तर खालचा माल हवेवाचून गुदमरतो आणि निकाल फसवा येतो. तापमान सावकाश चढवा. साडेतीनशे-चारशेच्या आसपास कडेला बारीक ठिणग्यांसारखी लाली धावते आणि गंधकाचा झणझणीत वास येतो, म्हणून हे काम धुराड्याखालीच करायचं. दर दहा मिनिटांनी लोखंडी पळीनं माल वरखाली करा. हे चुकवलं तर गुठळ्या धरतात, आणि गुठळी फोडली की आत काळा, न भाजलेला गाभा दिसतो. ६६० ला दोन-तीन तास ठेवल्यावर पितळी-हिरवट पूड विटकरी तपकिरी होते. गार झाल्यावर चिमूटभर पाण्यात टाका. पाणी लगेच निळंशार झालं तर खिडकी सापडली.

रंगापेक्षा मात्र तराजूवर विश्वास ठेवा. शुद्ध चाल्कोपायराइटचे १०० ग्रॅम पूर्णपणे मोरचूद आणि हेमेटाइट झाले तर वजन सुमारे १३० ग्रॅम होतं. भाजूनही वजन वाढतं, याचं नवख्या माणसाला नवल वाटतं. हेच सगळं ऑक्साइडपर्यंत गेलं तर वजन ८७ वर उतरतं. म्हणजे लीच करण्याआधीच, आपण नेमकं कोणतं भाजणं केलं ते तराजू सांगून जातो. प्रत्यक्ष कॉन्सन्ट्रेटमध्ये पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) असतो आणि हेमेटाइट होताना त्याचं वजन एक तृतीयांशानं घटतं, शिवाय थोडी वाळूही असते, म्हणून आकडे मधे कुठेतरी येतील. पायराइट किती ते ठाऊक असेल तर हिशेब बसवता येतो. ६२०, ६६०, ७०० आणि ७६० अशा चार ताटल्या करा. प्रत्येकीचा आधी पाण्याचा उतारा, मग सौम्य ॲसिडाचा उतारा आणि द्रावणातलं लोखंड मोजा. तीन ओळींचा हा तक्ता कुठल्याही सल्लागाराच्या मतापेक्षा जास्त बोलतो.

मफलमध्ये जमलं म्हणजे कारखान्यात जमेलच असं नाही. खिडकी अरुंद आहे आणि कॉन्सन्ट्रेट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे फिरत्या नळीच्या भट्टीत एका टोकाला कच्चं आणि मधे करपलेलं असा माल निघतो. म्हणून हे काम फ्लुइड बेड रोस्टरमध्ये करतात. खालून हवा सोडली की पूड उकळत्या खिचडीसारखी खदखदते आणि सगळीकडे तापमान जवळपास एकसारखं राहतं. काँगोमधल्या कोल्वेझीजवळचा लुइलूचा कारखाना, झांबियातला चांबिशी आणि ॲरिझोनातला लेकशोर ही याच वाटेची उदाहरणं. मध्य आफ्रिकेत ही रीत रुजली त्याला आणखी एक कारण आहे, कोबाल्ट. त्याचं सल्फेट याच तापमानाला टिकतं, त्यामुळे तोही तांब्याबरोबर पाण्यात उतरतो.

आता या पद्धतीची अडचण. मोरचूद पाण्यात उतरवून विद्युत अपघटन केलं की तांब्याच्या दर टनामागे दीड टन ॲसिड द्रावणात जमा होतं आणि ते परत कुठेच खर्ची पडत नाही, कारण आपलं तांबं ॲसिड न वापरताच विरघळलेलं असतं. बाहेर पडणाऱ्या वायूतूनही आणखी तेवढंच, पण तीव्र, ॲसिड बनतं. हे घेणारं जवळ कुणी नसेल तर चुना घालून मारावं लागतं आणि जिप्समचे डोंगर उभे राहतात. शेजारीच ऑक्साइडचा खडक असेल तर मात्र हेच ओझं ठेव बनतं. सल्फाइड भाजून आलेलं ॲसिड ऑक्साइड विरघळवायला जातं आणि दोन्ही खनिजं एकमेकांना पोसतात. काँगो-झांबियाच्या पट्ट्यात नेमकं हेच साधलं गेलं. माझ्या मते सल्फेट रोस्टिंगचा निर्णय भट्टीपेक्षा या एका प्रश्नावर जास्त अवलंबून आहे: ॲसिड कुठे मुरवणार?

पूर्ण ऑक्साइडपर्यंत भाजण्याबद्दल थोडक्यात सांगतो. सगळं गंधक घालवून ॲसिडात लीच करायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. ॲसिडाचा समतोलही बरा बसतो, कारण अपघटनातलं ॲसिड परत लीचिंगला लागतं. पण गंधक पूर्ण घालवायला तापमान वर न्यावं लागतं आणि तिथं फेराइट दबा धरून बसलेलं असतं. ज्या कॉन्सन्ट्रेटमध्ये लोखंड कमी, म्हणजे चाल्कोसाइट किंवा बॉर्नाइट जास्त, तिथंच याचा विचार करावा.

मीठ घालून भाजणं

जिद्दी मालासाठी मीठ ही जुनी युक्ती आहे. एकोणिसाव्या शतकात ॲसिडाचे कारखाने पायराइट जाळत आणि मागे उरलेल्या लाल राखेत थोडं तांबं राही. त्या राखेत मीठ कालवून पाचशे-सहाशे अंशांना भाजलं की तांबं क्लोराइड आणि सल्फेट होऊन पाण्यात किंवा सौम्य ॲसिडात उतरे. जर्मनीत ड्यूसबुर्गला १८७६ पासून हाच उद्योग मोठ्या प्रमाणावर चालला आणि त्यातून तांब्याबरोबर जस्त, चांदी, कोबाल्टही काढलं गेलं. तापमान कमी, फेराइटचा धोका कमी, उतारा चांगला. पण क्लोरीनचे आम्लधर्मी वायू भट्टी, नळ्या, पंखे सगळं खातात आणि वायू धुणारी यंत्रणा भट्टीएवढीच महाग पडते. शिवाय क्लोराइड पुढच्या विद्युत अपघटनात जाऊन तिथंही उपद्रव करतं. आज मी हा मार्ग फक्त अशा राखेसाठी किंवा चांदी असलेल्या मालासाठी मोकळा ठेवेन.

याच घराण्यातली एक वेगळी पद्धत म्हणजे सेग्रिगेशन. अभ्रकात किंवा लिमोनाइटमध्ये मुरलेलं, ॲसिडाला दाद न देणारं आणि फ्लोटेशनमध्येही न तरंगणारं तांबं असेल तर दगड सातशे-आठशे अंशांना तापवून त्यात थोडं मीठ आणि थोडा कोळसा मिसळतात. मीठ, वाफ आणि सिलिकेट मिळून हायड्रोक्लोरिक वायू होतो. तो तांब्याला बाष्परूप क्लोराइड करून दगडातून बाहेर ओढतो आणि ते क्लोराइड कोळशाच्या कणावर जाऊन धातूचं तांबं होऊन बसतं. मग कोळशासकट तांबं फ्लोटेशननं उचलता येतं किंवा अमोनियानं विरघळवता येतं. खडकात मुरलेलं तांबं स्वतःहून चालत येऊन कोळशाच्या कणावर बसतं, ही रसायनशास्त्रातली मला फार आवडणारी गोष्ट आहे. झांबियातल्या अशाच हट्टी खडकांसाठी 'टॉर्को' या नावानं ती घडवली गेली आणि १९७० च्या दशकात मॉरिटानियातल्या अकजूजला पूर्ण कारखानाही उभा राहिला. दशक संपायच्या आत तो बंद पडला. त्याच भागातलं सल्फाइड तांबं २००६ पासून साध्या फ्लोटेशननं काढलं जाऊ लागलं. सगळा खडक आठशेपर्यंत तापवायचा म्हटल्यावर वरचा कोळशाचा हिशेब आठवा. रसायन सुंदर असलं तरी इंधनाचं बिल त्याला माफ करत नाही.

भट्टी न पेटवता

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही नीट बघायला हवं. दुय्यम सल्फाइडांसाठी, म्हणजे चाल्कोसाइट आणि कोव्हेलाइटसाठी, जीवाणूंचा ढीग, म्हणजे फोडलेल्या दगडाचा ढीग लावून जीवाणूंच्या मदतीनं केलेलं लीचिंग, हा उत्तम मार्ग आहे. खालून हवा, वरून फेरिक लोहाचं आम्ल द्रावण, आणि फेरस लोहाचं परत फेरिक करून देणारे जीवाणू. वेळ महिन्यांत मोजायचा, पण खर्च भट्टीच्या पासंगालाही पुरत नाही. चिलीमध्ये कित्येक खाणी यावर चालल्या आहेत. टप्प्याटप्प्याच्या चाचणीत सायनाइडमध्ये उतरणारा भाग मोठा असेल तर भाजण्याआधी हा ढीग करून बघाच.

चाल्कोपायराइटवर मात्र साधा ढीग थकतो. कण विरघळायला लागतो आणि लवकरच त्याच्या अंगावर एक घट्ट कातडी धरते, मग आतलं तांबं बाहेर येईनासं होतं. साठ अंशांच्या वर जगणारे सूक्ष्मजीव वापरून किंवा क्लोराइडचं द्रावण देऊन ही कातडी सैल करता येते. चिलीत क्लोराइडच्या ढिगांचा 'कुप्रोक्लोर' हा मार्ग मिचीला खाणीत प्रत्यक्ष वापरला गेला. ज्यांच्याकडे प्रचंड, गरीब खडक आहे त्यांनी भट्टीऐवजी इकडे लक्ष द्यावं.

कॉन्सन्ट्रेटसाठी भट्टीचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे ऑटोक्लेव्ह. प्रेशर कुकरसारखंच, पण आतून ॲसिडरोधक विटा लावलेलं आडवं पात्र. त्यात पाण्यात कालवलेलं कॉन्सन्ट्रेट आणि दाबाखालचा ऑक्सिजन. २२५ अंशांच्या आसपास सगळं गंधक सल्फेट होतं. ॲरिझोनातल्या बॅगडॅड खाणीत २००३ मध्ये असा कारखाना चालू झाला. दीडशे-एकशे साठला चालवलं तर बरंचसं गंधक मूलद्रव्य म्हणून बाहेर पडतं आणि ऑक्सिजन वाचतो. पण ११९ अंशांच्या वर गंधक वितळतं आणि दाण्यांना चिकटून त्यांचं तोंड बंद करतं, म्हणून माल फार बारीक दळावा लागतो आणि गंधक सुटं ठेवणारी रसायनं घालावी लागतात.

भट्टी आणि ऑटोक्लेव्ह यांची तुलना बहुतेक जण भांडवली खर्चावर करतात. मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात दोन गोष्टी. पहिली ॲसिडाची. भट्टीतून निम्मं गंधक वायूरूपानं निघतं आणि त्याचं विकता येण्याजोगं तीव्र ॲसिड होतं. पूर्ण ऑक्सिडेशनच्या ऑटोक्लेव्हमध्ये सगळंच सौम्य ॲसिड म्हणून द्रावणात राहतं, तांब्याच्या टनामागे तीन टनांच्या वर. ते विकता येत नाही, जवळच्या ढिगावर शिंपडावं लागतं. जवळ ढीग असेल तर ऑटोक्लेव्ह छान, गिऱ्हाईक असेल तर भट्टी छान. शिवाय पूर्ण ऑक्सिडेशनला तांब्याच्या टनामागे सुमारे २.१ टन ऑक्सिजन लागतो, म्हणजे ऑक्सिजनचा स्वतंत्र कारखाना आणि त्याची वीज. भट्टी साध्या हवेवर चालते.

दुसरी गोष्ट आर्सेनिकची. एनार्गाइट या तांब्याच्या खनिजात जवळपास १९ टक्के आर्सेनिक असतं. भाजलं की ते वायूत जातं आणि धुळीत पकडून सांभाळत बसावं लागतं. ऑटोक्लेव्हमध्ये ते लोखंडाशी बांधलं जाऊन गाळात स्थिर राहू शकतं. तुमच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये आर्सेनिक डोळ्यात भरण्याएवढं असेल तर मी भट्टीचं नाव काढणार नाही.

आणि एक तिसरी वाट, जी बैठकीत कुणी मांडत नाही: स्वच्छ, पंचवीस-तीस टक्क्यांचं कॉन्सन्ट्रेट सरळ स्मेल्टरला, म्हणजे तांबं वितळवून काढणाऱ्या कारखान्याला, विकणं. वाहतूक आवाक्यात असेल तर बहुतेक वेळा हेच बरं. भाजून लीच करण्याला अर्थ येतो तो कॉन्सन्ट्रेट हलकं किंवा मिसळ असेल, कोबाल्ट हवा असेल, ॲसिडाची स्वतःलाच गरज असेल, किंवा स्मेल्टर फार लांब असेल तेव्हा.

भाजल्यानं जे बिघडतं

चिकणमातीबद्दल इशारा द्यायलाच हवा, कारण प्रयोगशाळेच्या अहवालात हा मुद्दा अनेकदा सुटतो. चिकणमातीतलं केओलिन हे खनिज ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान आपलं बांधलेलं पाणी सोडतं आणि त्याचं मेटाकेओलिन होतं. कच्चं केओलिन गार ॲसिडात फारसं विरघळत नाही, मेटाकेओलिन मात्र झपाट्यानं विरघळतं. ॲल्युमिनियम सल्फेट बनवण्याची जुनी रीत हीच आहे: माती भाजायची आणि ॲसिडात घालायची. आपल्या दगडात पाच टक्के केओलिन असेल तर टनात पन्नास किलो. ते सगळं विरघळलं तर सत्तावन्न किलो ॲसिड गेलं, आणि हे अपघटनात परत मिळत नाही. वर द्रावणात ॲल्युमिनियम साचत जातं ते वेगळंच. सल्फेट रोस्टिंगचा पट्टा नेमका या तापमानाच्या वरच आहे. कॉन्सन्ट्रेटमध्ये माती थोडी असते म्हणून तिथं चालून जातं. सुटा खडक भाजणाऱ्याला हा फटका जोरात बसतो.

उष्णतेचा एक हलका उपयोगही सुचवला जातो: दगडाला नुसत्या भेगा पाडणं. क्वार्ट्ज ५७३ अंशांना आपली रचना बदलतं आणि एकदम फुगतं, शेजारचं सल्फाइड वेगळ्या प्रमाणात फुगतं, आणि दाण्यांच्या कडेनं तडे जातात. मायक्रोवेव्हनं फक्त सल्फाइडच तापवून हे कमी ऊर्जेत साधता येतं. दळायला सोपं होतं हे खरं. लीचिंगसाठी म्हणाल तर, तांबं दाण्यात बंदिस्त असेल तरच या भेगांचा उपयोग. चाल्कोपायराइटच्या अंगावरची कातडी भेगांनी जात नाही.

धूर

स्पेनमधल्या रिओ तिंतोला एकोणिसाव्या शतकात पायराइटचे प्रचंड ढीग उघड्यावर रचून महिनोन्महिने धुमसत ठेवत. सावकाश, कमी तापमानाला भाजलं जाऊन तांब्याचं सल्फेट होई, मग पाण्यानं धुऊन ते द्रावण भंगार लोखंडावरून सोडत आणि तांबं खाली बसे. रसायन म्हणून पाहिलं तर आजच्या सल्फेट रोस्टिंगचं हे पूर्वरूपच. पण सगळा सल्फर डायऑक्साइड खोऱ्यात उतरे. पिकं करपली, श्वास घेणं अवघड झालं. ४ फेब्रुवारी १८८८ रोजी शेतकरी आणि खाणकामगार एकत्र येऊन चौकात जमले तेव्हा सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. किती माणसं मेली याचा वाद आजही मिटलेला नाही.

ही हकिकत इथं सांगण्याचं कारण व्यवहाराचंच आहे. भाजण्याच्या प्रस्तावात वायू पकडून ॲसिड बनवणारा विभाग 'पुढच्या टप्प्यात' ढकललेला दिसला, तर तो प्रस्ताव परत पाठवा. कॉन्सन्ट्रेटच्या फ्लुइड बेडमधून निघणारा वायू ॲसिड बनवण्याइतका दाट असतो. सुट्या गरीब खडकाच्या भट्टीतून मात्र तो इतका विरळ निघतो की त्याचं ॲसिड करणंही परवडत नाही आणि सोडून देणंही शक्य नसतं. एक टक्क्याच्या आतला खडक भाजू नये, याचं हे मला कोळशापेक्षाही मोठं कारण वाटतं.

मग कुणी काय करावं

तुमचा माल ऑक्साइड-कार्बोनेट असेल आणि चुनखडी कमी असेल, तर दगड आणखी बारीक फोडा, ढिगाला वेळ द्या, भट्टी विसरा. चाल्कोसाइट जास्त असेल तर जीवाणूंचा ढीग. गरीब चाल्कोपायराइट असेल तर आधी फ्लोटेशन, मग कॉन्सन्ट्रेटचं काय करायचं ते ठरवा. कॉन्सन्ट्रेट हाताशी आहे, आर्सेनिक नगण्य आहे, शेजारी ऑक्साइडचा साठा किंवा ॲसिडाला गिऱ्हाईक आहे आणि कोबाल्टही मिळतोय, अशा ठिकाणी मी ऑटोक्लेव्हच्या आधी फ्लुइड बेडचा विचार करेन, आणि मनापासून करेन. अभ्रकात मुरलेलं तांबं असेल आणि प्रत दोन-तीन टक्क्यांच्या आत असेल, तर ते आज जमिनीतच राहू द्यावं असं माझं मत आहे, कितीही वाईट वाटलं तरी.

नमुना थोडाच उरला असेल तर चाचण्यांचा क्रम असा ठेवा. आधी तीन टप्प्यांचं लीच आणि सूक्ष्मदर्शक. मग एका किलोचं फ्लोटेशन, कारण भाजायचं ते त्यातून निघालेलं कॉन्सन्ट्रेट. मग त्या चार ताटल्या, प्रत्येकीचं भाजण्याआधीचं आणि नंतरचं वजन लिहून. ६६० च्या ताटलीतून पाणी आणि सौम्य ॲसिड मिळून नव्वद टक्के तांबं आलं आणि द्रावणात लोखंड थोडंच दिसलं, तर फ्लुइड बेडच्या छोट्या प्रायोगिक भट्टीसाठी माल गोळा करायला घ्या. चारही ताटल्यांत उतारा ऐंशीच्या खाली राहिला, तर गाळ क्ष-किरण तपासणीला पाठवून त्यात फेराइट आहे की न भाजलेलं सल्फाइड ते बघा. सल्फाइड निघालं तर थर पातळ करून, जास्त वेळ ढवळून पुन्हा भाजा. फेराइट निघालं तर मफलचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) तपासा. पुष्कळ भट्ट्यांमध्ये आतलं खरं तापमान पाटीवरच्या आकड्यापेक्षा तीस-चाळीस अंशांनी वेगळं असतं, आणि आपली सगळी खिडकीच चाळीस अंशांची आहे.